देवराव पहिलवानाची राहिलेली कुस्ती

राजूरच्या कॉलरीत ज्यांनी कोळसा भरला, त्यांची पाठ म्हातारपणी वाकते. देवराव नगराळेची वाकली नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तो दारातून आत येताना चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान तेवढी झुकवतो, आणि ती झुकवण्यातही त्याला राग असतो.

त्याच्या घरात पाण्याच्या पितळी गुंडांची रांग आहे. जुन्या काळी खुल्या कुस्त्यांच्या आमदंगलीत जिंकणाऱ्याला फेटा, नारळ आणि पाण्याचा गुंड मिळायचा. त्याची बायको मथुराबाई हे गुंड चिंचेने घासते आणि घासताना बडबडते. नवऱ्यावर चिडली की म्हणते, न लढता आनलेल्या गुंडातलं पानी पिऊन पिऊन माहा जलम गेला. शेजाऱ्यांना हा विनोद वाटतो. तो विनोद नाही. ते गुंड खरोखरच न लढता मिळालेले आहेत, आणि देवरावच्या आयुष्यातली सगळी जळजळ त्यांत भरून ठेवलेली आहे.

त्याचा बाप सखाराम दंगलीत डफडं वाजवायचा. ते गावकीचं काम होतं. आखाड्याच्या कडेला उन्हात उभं राहायचं, पहिलवान भिडले की ठेका चढवायचा, पडला की तोडायचा. लाल माती दोन हातांवर, पण आत पाय टाकायचा नाही. छप्पन्न साली सखाराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि आल्या दिवशी त्याने डफडं चुलीत घातलं. कातडं जळण्याचा वास वस्तीभर पसरला होता, असं देवराव सांगतो. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्या वासाची त्याला शिसारी आली नाही. त्याला भूक लागली.

डफडं गेलं तरी ठेका सखारामच्या बोटांत राहिला. त्याने आयुष्यभर कुस्त्या कडेवरून पाहिल्या होत्या. कोणता डाव केव्हा लागतो हे त्याला कानाने माहीत होतं. वस्तीच्या मागे त्याने माती खणली, ताक आणि हळद टाकून मऊ केली, पोराला तिच्यात उतरवलं आणि स्वतः रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवत बसला. ठेका चुकला की डाव चुकला. देवराव कुस्ती शिकला ती अशी. बापाने त्याला एकदाही हात लावून डाव दाखवला नाही. स्वतःच कधी मातीत उतरला नव्हता तो. त्याला फक्त वाजवता येत होतं.

त्या काळी या भागात जोड लावायची रीत सोपी होती. पहिलवान लंगोट कसून आखाड्यात उतरायचा आणि एक हात उंच करून कडेकडेने फेरी घ्यायचा. पुकारणारा ओरडायचा, कोनी हात धरता का. ज्याला लढायचं असेल तो मातीत उतरायचा आणि तो हात धरायचा. हात धरला की कुस्ती ठरली. मग माघार नाही. माघार म्हणजे हरण्याहून वाईट. तीन फेऱ्यांत कुणीच हात धरला नाही, तर गुंड फेरी घेणाऱ्याचा.

देवराव एकविसाव्या वर्षी पहिल्या फेरीला उतरला. गावाचं नाव इथे लिहीत नाही. अशी गावं पुष्कळ होती, एकाच्याच अंगाला का लावा. शेंगदाण्याचे ढीग, पाळणे, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि मधे लाल मातीचा चौक. देवराव हात उंच करून निघाला. पहिल्या फेरीत लोक हसले, कारण त्यांनी बापाला ओळखलं. दुसऱ्या फेरीत हसणं थांबलं, कारण त्यांनी देह पाहिला. तिसऱ्या फेरीत तो नानाजी ढवससमोर येऊन उभा राहिला.

नानाजी त्याच्याच वयाचा. घरी कापसाची, तुरीची मोठी शेती, दारात दुभती जनावरं, आणि तालुक्यात त्याच्या तोडीचा पहिलवान नाही अशी बोलवा. तोही लंगोट लावून कडेला बसला होता. देवरावचा हात त्याच्या तोंडासमोर होता. नानाजीने त्या हाताकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात त्याने काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे. आणि म्हणाला, "वाजवनाऱ्यानं वाजवावं."

गुंड देवरावला मिळाला. रीत ती रीत. पुकारणाऱ्याने तो हातात दिला नाही, मातीवर ठेवला. देवरावने उचलला आणि आठ कोस चालत घरी आणला. बापाने विचारलं, कोनाले पाडलं. देवरावने सांगितलं, कोनालेच नाई. सखाराम त्या दिवशी डब्यावर वाजवायला बसला नाही.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. देवरावने जत्रा धरल्या. जिथे दंगल तिथे तो. हात वर, तीन फेऱ्या, कुणी धरत नाही, गुंड घेऊन परत. त्याला गुंड नको होता. पण लोकांनी काखेत हात घातले तर त्याची किंमत त्यांना मोजायला लावायची, एवढं त्याने ठरवलं होतं. प्रत्येक जत्रेत तो जिंकत होता आणि प्रत्येक जत्रेत त्याला मातीने अंग भरून घ्यायची संधी नाकारली जात होती. कोरड्या, स्वच्छ अंगाने परतणारा पहिलवान. यापेक्षा मोठा अपमान मातीत नाही.

शेवटी पंचांनी रीतच बदलली. जोड्या आदल्या दिवशी चावडीत ठरवायच्या, फेरी बंद. शेकडो वर्षांची चाल एका माणसाचा हात धरायला नको म्हणून मोडली. पुढच्या पिढ्यांना ती चाल होती हेसुद्धा माहीत राहिलं नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते या विसरण्यातूनच झालं.

देवरावला चॅम्पियन केलं ते धरमसिंगने. दिग्रसकडच्या तांड्यावरचा हा माणूस तंबूतला सिनेमा घेऊन जत्रा फिरायचा. सिनेमात पहिलवान आला की लोक शिट्ट्या मारतात, हे पाहून त्याने तंबूतच तिकीट लावून फ्री स्टाइल कुस्त्या सुरू केल्या. दोरांचं रिंगण, खाली भुश्याच्या गाद्या, बाहेर रंगवलेले पडदे. या भागात पगारावर कुस्ती खेळणारी ती पहिली माणसं. अकोल्याचा एक पठाण होता, पांढरकवड्याकडचा एक गोंड तरुण होता, वर्ध्याचा एक तेली होता. दुपारी सगळे एका परातीभोवती बसून भाकरी खायचे आणि खाता खाताच धरमसिंग सांगायचा, आज कोण पडणार.

म्हणजे नुरा कुस्ती. ठरवलेली, खोटी. देवरावला हे पहिल्या दिवशी कळलं आणि तरी तो राहिला. का राहिला, हे त्याने फक्त मथुराबाईला सांगितलं, आणि तिने ते मला सांगितलं. त्या तंबूत रोज कुणीतरी त्याचा हात धरत होतं. पठाण धरत होता, तेली धरत होता. घामेजलेला, जिवंत, दुसऱ्या माणसाचा हात. कुस्ती खोटी होती. हात खरा होता.

त्याने एकदा धरमसिंगला म्हटलं, एक तरी असली होऊ दे. धरमसिंग विडी विझवत म्हणाला, "असली लडोगे तो कल कौन लडेगा?" वणीच्या कासाराकडून धरमसिंगने पितळी पत्र्याचा पट्टा करून घेतला, त्यावर 'विदर्भाचा पहिला फ्री स्टाइल चॅम्पियन' असं कोरलं आणि यवतमाळच्या मैदानावर तो देवरावच्या कमरेला बांधला. त्या दिवशी कोण पडणार हे भाकरी खातानाच ठरलं होतं. लोक नाचले. देवरावने पट्टा हातात धरून वर केला आणि त्याला आपल्या घरचे गुंड आठवले.

बहात्तरच्या दुष्काळात तिकिटाला कुणाकडे काही उरलं नाही. तंबू गेला, धरमसिंग गेला. देवराव कॉलरीत लागला. पट्ट्याचं कातडं मथुराबाईने बकऱ्यांच्या खोपीच्या दाराला बिजागरीसारखं ठोकलं. अजून ते दार त्यावरच हलतं. पितळी पत्रा भिंतीवर आहे.

नानाजीने कुस्ती सोडून राजकारण धरलं. बाजार समितीत बसला, सोसायटीत बसला. वणीच्या बाजारात देवराव दिसला की हाक मारायचा, "काय नुरा चॅम्पियन, बरं हाय ना?" आजूबाजूचे हसायचे. देवराव म्हणायचा, हाओ, तुम्ही बरे ना. घरी येऊन तो जेवायचा नाही. कारण नानाजी खोटं बोलत नव्हता. देवराव नगराळे हा असा चॅम्पियन होता की ज्याने आयुष्यात एकही खरी कुस्ती खेळली नव्हती. आणि ती न खेळू देणाराच ते सांगत होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर राजूरच्या त्याच्या घरासमोर गाडी थांबली. नयन नावाचा तरुण उतरला, नानाजीचा नातू. पहिल्या फेरीच्या त्या गावात दंगल समितीचं काम आता तो पाहतो. पोरगा चांगला. चपला बाहेर काढून आला, मथुराबाईने दिलेलं पाणी प्यायला आणि गुंडांकडे पाहून म्हणाला, आजोबा, किती जिंकले तुम्ही. मथुराबाईने पदर तोंडाला लावला.

नयनला जिल्ह्यातल्या पहिल्या चॅम्पियनचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ, मानाची गदा. शिवाय त्याने कुणा म्हाताऱ्याकडून ऐकलं होतं की पूर्वी पहिलवान हात उंच करून आखाड्याची फेरी घ्यायचे. फार सुंदर परंपरा आहे, म्हणाला, ती आपल्याला जिवंत करायची आहे. उद्घाटनाची फेरी तुम्ही घ्यायची.

देवरावने एवढंच विचारलं, गादी की माती. माती, नयन म्हणाला. शाल कोण देणार. आमचे आजोबा, नानाजी.

"येतो," देवराव म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून बैठका मारू लागला. गुडघे वाजत होते. मथुराबाई अंथरुणातून ऐकत होती. तिने ओळखलं होतं. नात मोनाली लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, आठवड्याला घरी येते. तिने आजोबाला भिंत धरून उठताना पाहिलं आणि चिडली.

"आबा, शाल घ्यायले बैठका लागते काय?"

"शाल जड असते," देवराव म्हणाला.

मोनालीने आजीकडे पाहिलं. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, टेलरकडून लंगोट शिवून आनला त्यानं, इच्यार कायले ते.

दंगलीच्या दिवशी मोनालीने आजोबाला स्कूटीवर मागे बसवून नेलं. अंगात पांढरा शर्ट, पँट, डोक्याला निळा फेटा. वाटेत तिने एवढंच म्हटलं की पडला तर उचलायले मी एकटीच हाय. देवराव म्हणाला, पडलो तर राहू दे थोडा वेळ, माती लागू दे.

दुपार होती. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, आणि मधे तोच चौक. माती नवीन टाकलेली. देवराव कडेला उभा राहिला आणि त्याने बोटांनी तिचा थोडा भाग चोळला. हळद कमी होती.

नयन माईकवर बोलत होता. नानाजी पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या धोतरात, जाड भिंगाच्या चष्म्यात, मांडीवर घडी केलेली शाल. फेरीसाठी नाव पुकारलं तसं देवरावने शर्ट काढून मोनालीच्या हातात दिला. मग पँट. लोक आधी गोंधळले, मग हसले, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. सुकलेल्या खोडासारखं अंग, त्यावर कोळशाचे निळे व्रण, नवा कोरा लंगोट. देवरावने हात उंच केला आणि निघाला.

पहिली फेरी टाळ्यांत गेली. दुसऱ्या फेरीत कडेवरचे काही म्हातारे टाळ्या वाजवायचे थांबले. त्यांना काहीतरी आठवत होतं. तिसऱ्या फेरीत देवराव नानाजीसमोर थांबला आणि हात पुढे केला.

फोटोवाले पुढे धावले. नयन माईकवरून म्हणाला, वा, दोन दिग्गजांचं हस्तांदोलन, आजोबा, थोडं पुढे या, उजेडात. नानाजी उठला. शाल डाव्या हातात घेऊन मातीत उतरला. बाजार समितीत, मंडपात, लग्नांत हजारो हात त्याने हाती घेतले होते. त्याच सवयीने त्याने हा हात घेतला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हसला.

फोटो निघाले. देवरावने हात सोडला नाही.

"हात धरला तू, नानाजी," तो म्हणाला. आयुष्यभर तो त्याला तुम्ही म्हणत आला होता. "आता माती घे."

नानाजीचं हसू जागेवरच राहिलं, पण मागून कुणीतरी काढून घेतल्यासारखं रिकामं झालं. "काय बोलून राह्यला देवराव. फोटो हाय हा."

"आखाड्यात फोटो नसते. आखाड्यात हात धरते."

कडेवरचा एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, धरला. मग दुसरा म्हणाला. तरुणांना काही कळेना. नयन माईक बंद करून धावत आला, मोनालीला म्हणाला, ताई, आजोबांना घेऊन जा ना, काहीतरी होऊन बसेल. मोनाली शर्ट-पँटची घडी घालत होती.

"परंपरा जिवंत करायची होती ना तुम्हाले," ती म्हणाली. "झाली."

नानाजीने एकदा हात ओढून पाहिला. मग थांबला. तोही पहिलवानच होता. हात धरून सोडवला तर काय होतं, हे मंडपातल्या मोजक्याच लोकांना माहीत होतं, आणि त्यांत तो एक होता. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ज्या मातीवर त्याने हात काखेत घातले, त्याच मातीवर आता त्याचा एक हात दुसऱ्याच्या मुठीत होता आणि दुसऱ्या हातात शाल होती. काखेत घालायला हात उरला नव्हता.

"गुडघे गेले माहे," तो हळू म्हणाला.

"माहेबी."

नानाजीने शाल नयनकडे फेकली. चष्मा काढून दिला. सदरा काढला, धोतराचा काष्टा मारला. नातू आजोबा आजोबा करत राहिला. नानाजी वाकला, त्याने मूठभर माती उचलली आणि देवरावच्या खांद्यावर थापली. पकड निसटू नये म्हणून पहिलवान समोरच्याच्या अंगाला माती लावतो, हेही जुनंच. देवरावने तशीच माती त्याच्या मानेला लावली. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची वाजवायला लागलं, मग बंद झालं.

दोघांनी कपाळाला कपाळ लावलं.

पाहणाऱ्यांना त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. दोन म्हातारी डोकी, चार थरथरते पाय, आणि श्वास. एकदा देवरावने पायाला धरून पट काढायला हात खाली नेला, नानाजीने तो दाबला. एकदा नानाजीने मान खेचली, देवराव हलला नाही. त्याच्या ओठांतून बारीक आवाज येत होता, ठेक्यासारखा. मग नानाजीचा उजवा गुडघा आपोआप वाकला आणि तो मातीत बसला. मांडी घालून, पंगतीला बसावं तसा.

नयनने लगेच माईक लावला. विजयी, देवराव नगराळे. टाळ्या. कुणीतरी गदा आणली.

देवरावने गदा घेतली नाही. त्याने माईककडे हात हलवला आणि धाप लागली असताना म्हणाला, "पाठ लागली नाई त्याची. बसला तो. बसनं म्हंजे हारनं नसते. न लढता जितलेले गुंड हायेत माह्या घरी. अजून एक कायले पायजे मले?"

नयन म्हणाला, मग बरोबरीत सोडवू. देवराव म्हणाला, बरोबरीत तर नाईच.

खालून नानाजी म्हणाला, "मंग लाव ना पाठ. मी इथंच हाय." त्याच्या आवाजात विनवणी नव्हती. चीड होती, जुन्या पहिलवानाची. त्या दिवसात पहिल्यांदाच देवरावला त्याचा आवाज बरा वाटला.

"बसलेल्याले नाई पाडत. उभा हो."

नानाजीने मातीत हात रोवला. उठता आलं नाही. पुन्हा रोवला. दोन जणांनी त्याला काखेत धरून उभं केलं तेव्हा त्याचे पाय लटपटत होते.

"पुढच्या साली," देवराव म्हणाला.

"पुढच्या साली मी राहीन काय बे?"

"राहाच लागन. हात धरला तू."

शाल नयनच्या हातात तशीच होती. देवराव जाताना त्याला म्हणाला, आजोबाले पांघर, हवा सुटली. मोनालीने कपडे पुढे केले. त्याने पँट घातली, शर्ट खांद्यावर टाकला नाही, हातात धरला. घरी येईपर्यंत वाऱ्याने अंगावरची माती वाळून चरचरत होती. मथुराबाईने चुलीवर पाणी तापत ठेवलं होतं. तिने त्याच्या खांद्यावरची मातीची थाप पाहिली, मागे जाऊन पाठ पाहिली, आणि मग विचारलं, कोन जितलं.

देवराव दगडावर बसला. पाण्याचा गुंड त्याने जवळ ओढला.

"चालू हाय अजून," तो म्हणाला.